एकशे नऊ तास आणि त्यानंतर

१२ सप्टेंबर १९४८, रविवार, रात्र. हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीवर चहूबाजूंनी भारतीय सैन्य उभे आहे. मुख्य जोर सोलापूर आणि विजयवाड्याकडून. उत्तरेकडून छोट्या तुकड्या जायच्या आहेत, त्यातली एक बुलढाण्याची. तिचे लक्ष्य जालना. बुलढाण्याहून जालन्याचा रस्ता चिखली, देऊळगाव राजा असा. देऊळगाव राजाहून पुढे तीसेक किलोमीटर. बुलढाणा मध्य प्रांत व वऱ्हाडात, जालना निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. दोन्हीकडे भाषा एक, सोयरीक एक, मधे करोडगिरीचा नाका.

कागदोपत्री बुलढाणाही निजामाचाच. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून तो कायमच्या पट्ट्याने घेतला. १९३६ च्या करारात निजाम उस्मान अली खान यांच्या किताबात हैदराबादबरोबर वऱ्हाडचेही नाव आले आणि थोरला शहजादा वऱ्हाडचा युवराज झाला. म्हणजे फौज ज्या जिल्ह्यातून निघणार, त्या जिल्ह्याचा नावापुरता धनी तोच, ज्याच्या राज्यात ती शिरणार.

परक्या मुलखात सैन्य घालून तिथला हुकूमशहा हटवणे न्याय्य आहे का, हा प्रश्न त्या रात्री दिल्लीपुढे निव्वळ तात्त्विक नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात झालेला जैसे थे करार वर्षभराचा होता. तो अजून अडीच महिने चालायचा होता.

इशारे पुष्कळ मिळाले होते. २२ मे १९४८ रोजी गाणगापूर स्टेशनात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद स्वयंसेवकांनी, मद्रास-मुंबई मेलवर हल्ला केला. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना हैदराबादच्या रस्त्यात गाठून ठार मारले आणि त्यांचा हात तोडला. रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिणारा तो हात होता. २१ ऑगस्टला निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार पाठवली. ७ सप्टेंबरला नेहरूंनी जाहीर मागणी केली: रझाकारांवर बंदी घाला, भारतीय फौज सिकंदराबादला परत येऊ द्या. निजामाने फौजेला नकार दिला. ११ सप्टेंबरच्या रात्री कराचीत जिना वारले.

संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख, त्यात हिंदू सुमारे ८५ टक्के. राज्यकारभारात लोकांना खरा आवाज नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीबाहेरच्या कॅम्पांतून नाक्यांवर हल्ले करत होते. मराठवाड्यातली कुटुंबे घरदार टाकून वऱ्हाडात, सोलापुरात, नगरकडे येत होती. लातूरचे वकील कासीम रझवी मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष आणि रझाकारांचे सर्वेसर्वा होते. त्यांना आवरण्याची धमक निजामात उरली नव्हती. वाटाघाटी दहा महिने चालून थांबल्या होत्या. सैन्य घालणे योग्य होते, असे मी या साऱ्याचा विचार करून म्हणतो.

पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही.

१३ सप्टेंबर, पहाटे ४. कारवाई सुरू. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी; सोलापूरकडच्या चिलखती डिव्हिजनचे नेतृत्व मेजर जनरल जयंतोनाथ चौधरींकडे. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागतो.

सकाळी ९. सोलापूरची फौज जळकोटला.

त्याच सकाळी तुळजापूर. निजामी पायदळाची एक तुकडी आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढतात, मग हत्यारे टाकतात. पुढे लोहाऱ्याची वाट नदीच्या पुराने अडते.

दुपारी ३ वाजून १५ मिनिटे. उमरगा. पहिल्या अकरा तासांत फौज ६१ किलोमीटर आत आली आहे.

त्या दिवशी दिल्लीचे लक्ष दुसरीकडेही आहे. हैदराबादेत गोळी सुटली की मुंबईत, दिल्लीत, उत्तर भारतात दंगे उसळतील, ही धास्ती अनेक महिन्यांची. फाळणीला जेमतेम वर्ष झाले आहे. कारवाईच्या काळात उरलेल्या भारतात तसे काही घडले नाही, आणि सरकारने ते समाधानाने सांगितलेही. भीती खरी होती, पण तिचा पत्ता चुकला होता. पहारा मुंबईवर होता. उमरग्याच्या मागे राहिलेल्या खेड्यांवर कोण होते?

१४ सप्टेंबर. उस्मानाबादेत रझाकारांशी रस्त्यारस्त्यांत लढाई, मग शहर ताब्यात. चाळीसगावकडची तुकडी कन्नड, दौलताबाद मार्गे. मेजर जनरल ब्रार यांची फौज औरंगाबादवर सहा बाजूंनी येते. दुपारी शहराचे मुलकी अधिकारी स्वतःच बाहेर येऊन शरणागती देतात.

बुलढाण्याची तुकडी जालन्यात. इथे औरंगाबादसारखे सोपे नाही. निजामी फौज चिवटपणे लढते. तरी शहर पडते.

देऊळगाव राजाहून पाहिले तर त्या दिवशी नाका उठला. जे घर सोडून वऱ्हाडात आले होते, त्यांना परत जायची वाट मोकळी झाली. त्यांच्यापैकी कितीकांची घरे जळलेली होती, माणसे मेलेली होती. त्यांचा राग समजण्यासारखा होता, आणि दिल्लीला त्याची माहिती नव्हती असे नाही. रझाकारांच्या अत्याचारांचे वृत्तांत सरकारच तर महिनोन्‌महिने प्रसिद्ध करत होते. वर्षभर छळ सोसलेला माणूस हत्यारबंद फौजेच्या मागोमाग गावात शिरला तर काय होऊ शकते, हे १९४७ च्या पंजाबानंतर कुणाला सांगायला हवे होते?

१५ सप्टेंबर. जालन्यात एक कंपनी मागे ठेवून फौज पुढे निघते. कंपनी म्हणजे शे-सव्वाशे जवान. शहर, बाजार, आजूबाजूची खेडी, परतणारे निर्वासित, लपलेले रझाकार आणि ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नाही असे मुसलमान शेतकरी, कारागीर, शिपाई, एवढ्या सगळ्यांसाठी शे-सव्वाशे.

लष्कराच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. हैदराबाद लवकर घ्यायचे तर मागे माणसे अडकवून चालत नाही. एकेका शहरात हाच निर्णय झाला आणि प्रत्येक वेळी बरोबरच होता. सगळे मिळून मात्र मागच्या मुलखात राज्य कुणाचेच उरले नाही. निजामाचे पोलीस पळाले किंवा वर्दी उतरवून बसले. शेजारच्या प्रांतांतून मुलकी अधिकारी आणायची योजना होती, मुख्य मुलकी प्रशासक म्हणून बखले यांची नेमणूक झाली. पण जिल्ह्याच्या कचेरीत साहेब येणे वेगळे आणि खेड्यात रात्री कंदील घेऊन फिरणारा पोलीस येणे वेगळे.

फौज लातूरला पोचते. कासीम रझवींचे गाव. मोठी बाजारपेठ, मुसलमानांची वस्ती सुमारे १० हजार. पुढे मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई. तिथले गोवळकोंडा लान्सर्स नावापुरते लढून शरण येतात.

१६ सप्टेंबर, पहाट. जहीराबादच्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले. फौजेची गती मंदावते. रात्रीपर्यंत ती जहीराबादच्या १५ किलोमीटर पुढे.

त्याच दिवशी पॅरिस. सुरक्षा परिषद हैदराबादची तक्रार कामकाजात घेते आणि २० तारखेपर्यंत तहकूब होते. निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली यांची सारी भिस्त या बैठकीवर होती. कराचीहून सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानांतून आलेली शस्त्रे, पाकिस्तान मदतीला येईल ही आशा आणि परिषद भारताला थांबवील हा विश्वास, एवढ्या आधारावर एका राज्याने आपल्या १ कोटी ६० लाख लोकांना पणाला लावले. त्यातल्या मुसलमानांना सर्वात आधी.

१७ सप्टेंबर, शुक्रवार, पहाट. बिदर पडले. दुसरी तुकडी हिंगोलीत.

सकाळ. लायक अली मंत्रिमंडळाचा राजीनामा.

सायंकाळी ५. निजाम युद्धबंदी जाहीर करतात. पहाटे ४ पासून मोजले तर १०९ तास. मग भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी आणि स्वतः निजाम नभोवाणीवर बोलतात. १९११ पासून गादीवर असलेला हा माणूस आपल्या प्रजेशी नभोवाणीवरून पहिल्यांदाच बोलत होता.

आपली शाळेतली गोष्ट इथे संपते.

१८ सप्टेंबर, दुपारी ४. हैदराबादबाहेर निजामी फौजेचे सेनापती जनरल एल एद्रूस मेजर जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करतात. चौधरी लष्करी गव्हर्नर होतात. १९ तारखेला रझवींना अटक. काही दिवसांत निजाम पॅरिसमधली तक्रार मागे घेतात.

हे लिहिताना बगदाद टाळता येत नाही. सद्दाम हुसेनच्या जुलमाबद्दल वाद नव्हता. ९ एप्रिल २००३ ला शहर पडले, चौकातला त्याचा पुतळा खाली ओढला गेला, जगाने तो पाहिला. त्याच आठवड्यात राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात होते आणि अमेरिकी रणगाडे शहरात होते. २३ मे रोजी इराकी सैन्य बरखास्त झाले. लाखो माणसे बंदुकांसह बेकार. दोन्ही प्रसंगांत फरक फार मोठे आहेत. हैदराबाद भारताच्या पोटात होते, तिथले बहुसंख्य लोक भारतात यायला आतुर होते, आणि ज्यांनी सैन्य पाठवले त्यांना तेलाच्या विहिरी नव्हे तर एकसंध देश हवा होता. तरीही एक गोष्ट समान: राजवट पाडायची योजना तासातासाची होती, आणि राजवट पडल्यावरच्या पहिल्या रात्रीची नव्हती.

१८ सप्टेंबरनंतरचे तास कुणी मोजून ठेवले नाहीत. म्हणून यापुढे दिवस आणि आठवडे.

लातूर. हत्या वीस दिवसांहून अधिक चालल्या. जी फौज कोणत्या तासाला कुठे होती हे आपल्याला ठाऊक आहे, तिच्या ताब्यात आलेल्या गावात हे वीस दिवस.

२९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री संस्थानात फिरतात. १६ पैकी ९ जिल्हे. लातुरात १० हजारांच्या वस्तीतली जेमतेम ३ हजार माणसे त्यांना सापडतात. हजाराहून अधिक मारली गेली, बाकीची पळाली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत किमान १८ हजार बळी. बुलढाण्याला लागून असलेला औरंगाबाद जिल्हा, बीड, नळगोंडा आणि मेदक मिळून किमान ५ हजार. सबंध संस्थानात २७ ते ४० हजार, आणि हा अंदाज सावध धरून केलेला, असे ते लिहितात. खुनांबरोबर लूट, जाळपोळ, पळवलेल्या बायका, विहिरींत टाकलेली प्रेते, बळकावलेली शेते.

मारणारे कोण, हेही त्यांनी लिहिले. रझाकारांचा छळ सोसलेले गावकरी होते. सोलापूर आणि इतर शहरांतून आलेल्या, शिकवून तयार केलेल्या हत्यारबंद टोळ्या होत्या, सैन्यामागून सरहद्द ओलांडून आलेल्या. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीस स्वतः सामील होते. त्याच अहवालात जनरल चौधरी निःपक्षपाती आणि कडक शिस्तीचे असल्याची ग्वाही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. माथ्यावरचा माणूस चांगला असून भागत नाही. तो हैदराबादेत होता, आणि माणसे मरत होती ती खेड्यांत.

सरदार पटेलांना ही पाहणी रुचली नाही. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचायला मिळू लागला २०१३ च्या सुमारास, पासष्ट वर्षांनी. तोवर मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांनी १७ सप्टेंबरचे झेंडावंदन केले. ते करायलाच हवे. निजामाची राजवट जाणे ही मुक्तीच होती. मारल्या गेलेल्यांतल्या बहुतेकांनी कधी रझाकाराची वर्दी घातली नव्हती, आणि ती राजवट त्यांना विचारून चालत नव्हती.

अहवालात आणखी एक नोंद आहे, जी मला त्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. थांबवता येत नव्हते, असे म्हणणाऱ्यांना ती उत्तर देते. अनेक हिंदूंनी आपले मुसलमान शेजारी वाचवले, पळवलेल्या बायका शोधून परत आणल्या. एकाच धंद्यातल्या माणसांत हे विशेष दिसले. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या घरांपुढे उभे राहिले आणि चालून आलेल्या हिंदूंना त्यांनी अडवले. त्यांच्याकडे रणगाडे नव्हते, कुणाचा हुकूम नव्हता, मागे ठेवलेली कंपनी नव्हती. त्यातले काही मारले गेले.