बिअर मुरते का?

घरी केलेली बिअर बाटलीत भरताना चमचाभर साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि दोन-तीन आठवड्यांत बिअर फसफसते. पण बाटली वर्षभर ठेवली तर? लोणच्यासारखी मुरते का?

हे चारचौघांत विचारायची सोय अमेरिकेत बराच काळ नव्हती. 1920 ते 1933 च्या दारूबंदीत लोक माल्टचं सिरप आणून घरीच बिअर करायचे. आंबणं पुरतं व्हायच्या आत बाटल्या भरल्या की त्या तळघरात फुटायच्या! बंदी उठली, घरगुती वाइनला सूट मिळाली, पण बिअर राहून गेली. अखेर ऑक्टोबर 1978 मध्ये जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. त्याच वर्षी चार्ली पापाझियन यांनी कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये घरी बिअर करणाऱ्यांची संघटना काढली. अनुभव आता उघडपणे ताडून बघता येऊ लागले.

तर उत्तर असं: सगळ्याच बिअर मुरत नाहीत. आयपीएचा हॉप्सचा वास कोथिंबिरीसारखा, ताजा असतानाच खरा. बाटलीत शिरलेल्या ऑक्सिजनमुळे तो उडतो आणि हलकी बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. जास्त अल्कोहोलची, माल्टने जड बार्लीवाइन मात्र वर्षभरात निवते. कडूपणा उतरतो, मनुकांची चव येते.

अलाबामा आणि मिसिसिपीत घरगुती बिअरला परवानगी मिळाली ती थेट 2013 मध्ये. बाटलीवर तारीख लिहाल, तेव्हा हे आठवा: चोरून केलेल्या बिअरवर तारीख कोण घालणार?