जबलपूरच्या गाड्या, छोट्या आकारात

आपल्या स्मरणिकेत दर दोन-तीन वर्षांनी जबलपूरच्या कारखान्यांवर एखादा लेख येतोच. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, व्हेईकल फॅक्टरी १९६९ ची, अशी त्याची सुरुवात ठरलेली असते. यंदा संपादक मंडळाने हे काम माझ्या गळ्यात घातले. व्हेईकल फॅक्टरीत अडतीस वर्षे नोकरी केल्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. मात्र मी इतिहास सांगणार आहे तो तळहातावर मावणाऱ्या गाड्यांचा. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून मॉडेल गाड्या तयार करणे हा माझा जुना छंद. आमच्या सौ. त्याला 'दुसरी ड्युटी' म्हणतात, आणि रिटायरमेंटनंतर ती पहिली झाली आहे.

प्रथम या छंदाची थोडी ओळख करून देतो. बाजारात जो किट मिळतो त्यात गाडी नसते, गाडीचे तुकडे असतात. प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले दरवाजे, सीट, चाके, इंजिनचे दोन अर्धे भाग, कधी शंभर तर कधी दोनशे तुकडे. ते ब्लेडने कापायचे, कानशीने घासायचे, जोडायचे, फटी पुट्टीने बुजवायच्या, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा आणि मग रंग. उरलेली चौकटसुद्धा फेकायची नसते. तिची काडी निरांजनाच्या ज्योतीवर मऊ करून दोन्ही हातांनी ओढली की केसासारखा बारीक धागा निघतो, त्याची एरियल होते.

हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांची आणि त्याची ओळख जुनी आहे. मखराचा थर्माकोल म्हणजे हाच पदार्थ, फक्त फुगवलेला. कोणी घाईघाईने थर्माकोलवर स्प्रे-पेंट मारला की त्याला खड्डे पडतात, हे आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिले आहे. रंगातला थिनर त्याला विरघळवतो. मॉडेल जोडायचे सिमेंट हेच काम मोजून-मापून करते. दोन्ही तुकड्यांच्या कडा क्षणभर विरघळतात, एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि तिथे एकच तुकडा उरतो. थोडक्यात हे चिकटवणे नव्हे, वेल्डिंग आहे. फॅक्टरीतल्या मंडळींना हे सांगितले की ते खुर्ची पुढे ओढून बसतात.

दुसरी गोष्ट स्केलची. लहानपणी दिवाळीत आपण जो किल्ला करतो त्यात मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि महाराजांच्या सिंहासनाशेजारी तेवढाच मोठा वाघ बसलेला असतो. किल्ल्याला ते शोभते. मॉडेलमध्ये मात्र सगळे एकाच मापाने लहान व्हावे लागते. जुन्या फियाटच्या, म्हणजे पुढे पद्मिनी झालेल्या गाडीच्या, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २३४० मिलिमीटर. १:२४ मध्ये ते साडेसत्त्याण्णव मिलिमीटर झाले पाहिजे. शंभर करून चालत नाही, डोळ्याला लगेच कळते.

आता इतिहास. धातूच्या छोट्या गाड्या आधी आल्या. इंग्लंडमधल्या डिंकी १९३० च्या दशकातल्या, मॅचबॉक्स १९५३ मधल्या. डिंकीच्या जुन्या डाय पुढे कलकत्त्याच्या एका कंपनीने घेतल्या आणि १९७० च्या आसपास तिथे 'निकी टॉईज' निघू लागल्या. ठशातली इंग्रजी अक्षरे बदलून डिंकीची निकी केली होती. याला जुगाड म्हणा की टूल रूमची हुशारी, मला तरी ती आवडते.

प्लॅस्टिकच्या मोटारींची कथा मात्र अमेरिकेतल्या डेट्रॉइटची, आणि ती या लेखाच्या कामाची आहे. १९४८ मध्ये तिथे एएमटी नावाची कंपनी निघाली. ती फोर्ड वगैरे कंपन्यांच्या नव्या मोटारींची १:२५ मापाची मॉडेल बनवून डीलरना देई. डीलर ती शोरूममध्ये ठेवत, गिऱ्हाइकाच्या मुलांना भेट देत. मॉडेलला रंगही खऱ्या गाडीच्या शेडचा, म्हणजे गिऱ्हाइकाला टेबलावरच रंग निवडता येई. सुरुवातीचे प्लॅस्टिक काही वर्षांत वाकडे होई, पुढे पॉलिस्टायरीन आले आणि तो प्रश्न मिटला. १९५८ पासून एएमटीने तीच मॉडेल सुट्या भागांत, पेटीत घालून मुलांना विकायला काढली. हा छंद घरोघर गेला तो असा. त्याच्या मुळाशी गाडी विकण्याची गरज होती, हे लक्षात ठेवा.

जपानच्या तामियाने या कामाला वेगळी उंची दिली. १९६१ च्या सुमारास त्यांनी एक जर्मन रणगाडा केला. त्यात मोटर आणि बॅटरी बसावी एवढा तो मोठा ठेवला, आणि नंतर हिशेब केला तर माप निघाले १:३५. बॅटरीच्या आकारावरून ठरलेले हे माप पुढे सैनिकी मॉडेलांचे जगभरचे माप झाले! त्याच कंपनीने १९७६ च्या १:१२ मापाच्या पोर्शे किटसाठी एक खरी पोर्शे विकत घेऊन सबंध खोलली होती. परत जोडायला पोर्शेच्या जाणकारांना बोलवावे लागले, असे या छंदातले लोक हसत-हसत सांगतात. हे सगळे घडवून आणणारे शुन्साकु तामिया २०२५ च्या जुलैमध्ये नव्वदाव्या वर्षी वारले.

आपल्याकडे असे किट दुर्मीळच राहिले. परदेशी खेळण्यांच्या आयातीवर बंधने होती, ग्राहकवस्तूंवरची शेवटची परिमाणात्मक बंधने १ एप्रिल २००१ ला उठली. त्याआधी जो किट यायचा तो कोणा नातेवाइकाच्या सुटकेसमधून. माझा पहिला किट, तामियाची १:३५ विलीज जीप, तसाच एका मामांच्या बॅगेतून आला. नंतर काही वर्षे किट सहज मिळाले. पण खेळण्यांवरचे सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. स्केल मॉडेलही त्याच सदरात मोडतात. त्यामुळे आमची पुन्हा मामांवर भिस्त.

आता आपल्या गावाकडे वळू. १९५९ मध्ये, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, गन कॅरेज फॅक्टरीत जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक बनू लागला. काम वाढले आणि १९६९ मध्ये त्यासाठी व्हेईकल फॅक्टरी वेगळी उभी राहिली. शक्तिमानबरोबर निसानचा एक टनी ट्रक आला, आणि आली जोंगा. निसान पेट्रोलवर बेतलेल्या या गाडीचे नाव जपानी वाटते, पण आहे अस्सल जबलपुरी. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे ते बनले आहे. शक्तिमान १९९६ मध्ये बंद झाला, जोंगा १९९९ मध्ये. पुढे स्टॅलियन आणि एलपीटीए आल्या. फॅक्टरी स्वतः १ ऑक्टोबर २०२१ पासून आर्मर्ड व्हेईकल्स निगम लिमिटेडमध्ये आहे.

विलीज जीपचे किट आज चार देशांच्या कंपन्यांचे मिळतील. शक्तिमानचा किंवा जोंगाचा पेटीबंद किट मात्र मी इतकी वर्षे शोधतो आहे, हाती लागलेला नाही. कारण वर येऊन गेलेच. आपल्या गाड्यांना शोरूम नव्हते. डीलर नव्हता, गिऱ्हाइकाचा मुलगा नव्हता, रंगीत माहितीपत्रक नव्हते. गिऱ्हाईक एकच, भारतीय सेना, आणि तिला टेबलावर मॉडेल ठेवून गाडी विकायची गरज नव्हती. जोंगा शेवटी-शेवटी थोडी बाहेरच्यांना विकली गेली, तेवढेच.

याहून एक गोष्ट मला जास्त लागते. फॅक्टरीच्या आत कॅमेरा नेता येत नाही. ते योग्यच आहे, संरक्षणाचा कारखाना आहे. ड्रॉइंग तर बाहेर येण्याचा प्रश्नच नाही. परिणाम असा की ज्याने तीस वर्षे शक्तिमानची चेसिस जुळवली त्याच्या घरी गाडीचा एक फोटो नसतो. भिंतीवर निरोप समारंभाचा हार घातलेला फोटो असतो, घड्याळ असते, शाल असते. नातवंडांना आजोबा काय करत होते हे दाखवायला काही नाही. बँकेतल्या किंवा शाळेतल्या माणसाचे काम मुलांना न पाहता कळते. चेसिस लाइनवरच्या माणसाचे कसे कळणार?

म्हणून मी जोंगा करायचे ठरवले, कोऱ्या प्लॅस्टिक शीटमधून. लिलावात गेलेली एक जोंगा रांझीकडच्या एका गॅरेजमध्ये उभी होती. मालकाची परवानगी काढून आम्ही चार रिटायर्ड मंडळी टेप, वही आणि थर्मासभर चहा घेऊन गेलो. माप घेण्याचे काम दोन तासांचे, पण आम्हाला तीन रविवार लागले. प्रत्येक बोल्टापाशी वाद. हा मूळचा नाही, नंतर कोणी बसवला. ही पट्टी आमच्या वेळी नव्हती. हा वेल्ड आमच्या शॉपचा असूच शकत नाही! टायर मिळत नव्हते, ते एका मोडक्या खेळण्यातल्या ट्रकचे गुरंदी बाजारात सापडले.

मॉडेल करताना जी गणिते सुटतात ती फॅक्टरीच्या माणसाला हसायला लावणारी आहेत. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके सतरा मिलिमीटरचे. १:३५ मध्ये ते अर्धा मिलिमीटरही भरत नाही, आणि त्याला सहा कोने हवेत. सव्वा मिलिमीटरचा पत्रा या मापात साध्या बॉन्ड पेपरच्या निम्म्याहूनही पातळ होतो. तेवढे पातळ प्लॅस्टिक उभे राहत नाही, म्हणून शीट जाडच घ्यायची आणि फक्त दिसणारी कड आतून घासून पातळ करायची. हे सरळ-सरळ फसवणे आहे. इन्स्पेक्शनवाला मित्र अजून ते पास करत नाही.

रंगाचा वाद सगळ्यात मोठा. भारतीय मानकात ऑलिव्ह ग्रीनचा क्रमांक २२०, इथवर एकमत. पण पेंट शॉपमध्ये आयुष्य काढलेले आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, की शेड कार्डचा रंग लावाल तर गाडी काळी दिसेल. त्यांचे खरे होते. लहान वस्तूवर तोच रंग गडद वाटतो, म्हणून मॉडेलसाठी तो जरा फिका करावा लागतो. त्यांनी त्यात पिवळसर खाकी आणि किंचित पांढरा मिसळायला लावला. पोस्टकार्डाच्या अकरा तुकड्यांवर नमुने करून घेतले आणि ते गच्चीवर उन्हात ठेवून पाहिले. सातवा निवडला. "ही डिस्पॅचच्या दिवशीची नाही, युनिटमध्ये दोन पावसाळे काढलेली जोंगा आहे," असे म्हणाले. ते गेल्या वर्षी गेले. तो सातवा तुकडा, मागे त्यांच्या अक्षरात मिश्रणाचे प्रमाण लिहिलेला, माझ्या रंगाच्या डब्यात आहे.

जोंगा पूर्ण झाली तेव्हा मी ती चेसिस लाइनवरच्या एका मित्राच्या घरी नेली. त्यांची नात सातवीत आहे. तिने गाडी उलटी केली, खालचा प्रोपेलर शाफ्ट पाहिला आणि विचारले, "आजोबा, यातले तुमचे कोणते?" त्यांनी चष्मा लावला आणि पाऊण तास बोलत होते. घरात इतकी वर्षे कधी न निघालेला विषय. गाडी मी तिथेच ठेवून आलो, स्वतःसाठी आता दुसरी करतो आहे.

सध्या शक्तिमान हाती घेतला आहे. त्याचे गोलसर नाक सपाट शीटमधून निघत नाही. आधी लाकडाचा ठोकळा हुबेहूब कोरायचा, प्लॅस्टिकची शीट गरम करून त्यावर ओढायची आणि थंड झाल्यावर कापून घ्यायची. ठोकळा करून द्यायला एक रिटायर्ड पॅटर्नमेकर तयार झाले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "बीड की ॲल्युमिनियम? श्रिंकेज किती धरू?" ओतीव बीड थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तेवढी लांब असते. आयुष्यभर त्या पट्टीने मोजलेल्या माणसाला साधी पट्टी हातात धरायला बरे वाटेना. ठोकळा मात्र असा केला आहे, की त्यावर प्लॅस्टिक चढवायला जीव होत नाही. हौशी तरुण आता असे भाग कॉम्प्युटरवर काढून थ्री-डी प्रिंटरने रेझिनमध्ये छापतात. काम चोख होते, आणि एकाच्या दहा प्रती निघतात, हा फायदा मोठाच आहे. माझा हात लाकडावर बसलेला, इतकेच.

नाक झाले, केबिन झाली, आता मागच्या हौद्यापाशी काम अडले आहे. शक्तिमानच्या टेलबोर्डची साखळी ज्या हुकात अडकवत तो हुक सुरुवातीच्या गाड्यांवर कसा होता, वेल्ड केलेला की बोल्ट मारलेला, यावर आमच्यात दोन तट पडले आहेत. दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस वर्षांचा अनुभव आहे आणि कोणीच मागे हटायला तयार नाही. १९७० च्या आधी गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमानवर काम केलेले कोणी आपल्या घरात असतील, किंवा युनिटमध्ये ही गाडी चालवलेले कोणी ओळखीचे असतील, तर उत्सवाच्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर मला जरूर गाठावे. मी मंडपातच असतो, खिशात कागद आणि पेन्सिल ठेवलेली असेल.