मूठ कुठे गेली?

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असा आपल्या मित्रमंडळींचा आग्रह झाला. तीस वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. लिहायला बसलो आणि आठवली ती आठवीतली इनामगावची सहल.

ती १९७५-७६ सालची गोष्ट. घोड नदीच्या काठावर डेक्कन कॉलेजचे उत्खनन १९६८पासून चालू होते. डॉ. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावे सरांनी फळ्यावर लिहून दिली होती. आम्हाला मात्र शाळेला सुट्टी मिळाली याचाच आनंद जास्त. तिथे खणणाऱ्या मंडळींपैकी एकाने आमच्यापुढे हात केला. तळहातावर दगडाची बोटभर लांबीचीही नसतील अशी तीन-चार पाती होती. दुधी रंगाची, गारगोटीच्या जातीची, दोन्ही कडांना धार. सरांनी विचारले, "याने काय करत असतील?"

मी पहिल्या नंबरचा. लगेच म्हणालो, "सुरी, सर." शेवटच्या बाकावरचा आपला एक मित्र (वडील सुतार, घरी औतांना आणि कुऱ्हाडींना दांडे बसवायचे काम) म्हणाला, "एवढंसं हातात कसं धरणार? बोटं कापतील की. सर, याची मूठ कुठे गेली?" सगळे हसले. मीही हसलो.

खरे तर पुरातत्त्वातला हा फार मोलाचा प्रश्न आहे. दगड टिकतो, लाकूड कुजते. म्हणून संग्रहालयात आपण जे बघतो ते बहुतेक वेळा अर्धेच हत्यार असते. गोदावरीकाठी गंगापूरला सांकलियांना मिळाल्या तशा जुन्या हातकुऱ्हाडी माणूस मुठीत धरूनच वापरत असे. दगडाला दांडा जोडायची कल्पना फार नंतर आली. दांड्यामुळे हात लांब झाला, घावात जोर आला, आणि धार बोथट झाली की सगळे हत्यार न टाकता नुसते पाते बदलता येऊ लागले.

पण जोडायचे कशाने? इटलीत कांपितेल्लो येथे सुमारे २ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी छिलक्यांवर भूर्ज झाडाच्या सालीपासून काढलेले डांबर चिकटलेले मिळाले. भूर्ज आपल्याला पोथ्यांमुळे माहीत. त्याची साल उघड्यावर पेटवली तर बहुतेक राखच होते. हवा कोंडून तापवली तर काळा चिकट रस सुटतो. हे काम निअँडरथल माणसाचे, ज्याला आपण पुस्तकात उगाच मठ्ठ ठरवत आलो.

दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीच्या पात्यांवर झाडाचा डिंक आणि गेरू यांचे मिश्रण दिसते. लिन वॅडली यांनी तसे मिश्रण स्वतः करून पाहिले. नुसता डिंक ठिसूळ होतो आणि दमट हवेत सुटतो. गेरू घातला की तो धरून ठेवतो. मात्र विस्तवाजवळ सांभाळून वाळवावे लागते. आच जास्त लागली तर बुडबुडे येऊन सांधा कच्चा राहतो.

इनामगावची पाती त्या मानाने कालपरवाची, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तांबे माहीत होते, पण दुर्मिळ. रोजच्या कामाला दगडच. गारगोटीच्या गोट्यावर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने टिचके मारून नागमोडी कणा काढायचा आणि त्या कण्यावरून पहिले पाते उडवायचे. मग एकामागून एक सरळ पाती निघतात. लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत अशी पाती ओळीने बसवली की विळा तयार. त्या लोकांचे मुख्य पीक सातू.

पाते विळ्याचेच होते हे कळते कसे? गवताच्या आणि धान्याच्या काडीत वाळूच्या जातीचा अंश असतो. पुष्कळ कापणी झाली की धारेवर चकाकी येते. खोबणीत दडलेला भाग मात्र तसाच राहतो. चकाकीची कड धारेला समांतर असेल तर पाती सलग बसवलेली, तिरकी असेल तर करवतीच्या दातांसारखी. म्हणजे मूठ कुजून गेली तरी तिची सावली दगडावर उरते. सर्गेई सेम्योनोव या रशियन संशोधकाने हत्यारांवरच्या अशा खुणा सूक्ष्मदर्शकाखाली वाचायची पद्धत १९५७मध्ये पुस्तकरूपाने मांडली. मला ती एम. ए.ला कळली, आणि शेवटचा बाक आठवला.

तो मित्र नववीत शाळा सोडून वडिलांच्या कामाला लागला. या मेळाव्याची '१९७८ची दहावी' अशी यादी मीच केली, आणि तिच्यात त्याचे नाव नव्हते. लक्षात आले तेव्हा फोन न करता गावी गेलो. हे सगळे त्याला सांगितले. वाटले होते, तो भारावून जाईल. त्याने एवढेच विचारले, "डिंक कुठला? बाभळीचा का?"

मग चार दिवस तेच चालले. जुन्या पात्यांना हात लावायचा नाही, म्हणून नदीतल्या गारगोट्या फोडल्या. माझी पाती वेडीवाकडी. शेवटी तीही त्यानेच काढली. पहिल्या विळ्याची पाती गव्हाच्या दुसऱ्या मुठीलाच गळून पडली. "खोबण उथळ झाली, आणि तू आच जास्त दिलीस," तो म्हणाला. दुसऱ्या विळ्याने अर्धा वाफा कापला.

तो विळा मेळाव्याच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर असेल. करणाराही तिथेच बसलेला असेल. यादी दुरुस्त केली आहे. दोन पाती जरा हलताहेत, हातात घेताना जपून.