बैठा सत्याग्रह, अमेरिकन विद्यार्थ्यांचा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील वांशिक विभक्ततेविरुद्ध कृष्णवर्णीय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी १९६० मध्ये उभारलेले अहिंसक आंदोलन. ते ‘सिट-इन’ या नावाने प्रसिद्ध आहे. गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहार-काउंटरवर शांतपणे जाऊन बसावयाचे, खाद्यपेये मागावयाची आणि ती नाकारली गेल्यास काउंटर बंद होईपर्यंत अथवा अटक होईपर्यंत जागा सोडावयाची नाही, असे त्याचे स्वरूप होते.

पार्श्वभूमी : प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात (१८९६) सर्वोच्च न्यायालयाने ‘विभक्त पण समान’ हे तत्त्व ग्राह्य मानल्यामुळे दक्षिणेतील शाळा, वाहने, उपाहारगृहे इ. ठिकाणच्या विभक्ततेस कायद्याचे अधिष्ठान लाभले. ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन खटल्याच्या निकालाने (१७ मे १९५४) सार्वजनिक शाळांतील विभक्तता घटनाबाह्य ठरली; तथापि तिची अंमलबजावणी अतिशय मंद गतीने झाली व खाजगी दुकाने तर त्या निकालाच्या कक्षेबाहेरच राहिली. मोठ्या दुकानांतून कृष्णवर्णीय ग्राहकांना सर्व प्रकारचा माल विकला जाई. मात्र त्याच दुकानातील उपाहार-काउंटरवर त्यांना बसू दिले जात नसे. ही विसंगती हेच या आंदोलनाचे मर्मस्थान होय. विचिटा व ओक्लाहोमा सिटी येथे १९५८ मध्ये तरुणांनी असे प्रयोग यशस्वी केले होते. पण त्यांचे लोण दक्षिणेत सर्वत्र पोहोचले नाही.

ग्रीन्झबरो : उत्तर कॅरोलायना राज्यातील ग्रीन्झबरो येथील कृषी व तांत्रिक महाविद्यालयाचे एझेल ब्लेअर (कनिष्ठ), डेव्हिड रिचमंड, फ्रँक्लिन मॅक्केन व जोसेफ मॅक्नील हे प्रथम वर्षाचे चार विद्यार्थी १ फेब्रुवारी १९६० रोजी वुलवर्थच्या दुकानात गेले. प्रथम त्यांनी किरकोळ वस्तू विकत घेतल्या व नंतर काउंटरवर बसून कॉफी मागितली. ती नाकारली गेली, तरी दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी वीसहून अधिक विद्यार्थी त्यांना येऊन मिळाले व आठवडा संपण्यापूर्वी ही संख्या शेकड्यांत गेली. अखेर २५ जुलै १९६० रोजी तो काउंटर सर्वांसाठी खुला झाला.

नॅशव्हिल : हे आंदोलन म्हणजे तारुण्यसुलभ उत्साहाचा आकस्मिक उद्रेक होता, हा समज टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या उदाहरणाने दूर होतो. तेथील पूर्वतयारीचे प्रमुख सूत्रधार जेम्स लॉसन (१९२८–२०२४) हे होत. कोरियन युद्धकाळात सक्तीच्या लष्करभरतीस नकार दिल्याबद्दल त्यांनी कारावास भोगला होता. पुढे मेथडिस्ट मिशनरी म्हणून ते नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आले (१९५३–५६) आणि तेथील वास्तव्यात त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगमरीतील बस-बहिष्काराची वार्ताही त्यांना नागपुरातच समजली. मायदेशी परतल्यावर, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत गेले व नॅशव्हिल येथे त्यांनी अहिंसेच्या कार्यशाळा सुरू केल्या. तेथे काही विद्यार्थी काउंटरवर बसल्याचा, तर काही त्यांना शिव्या देऊन ढकलणाऱ्या जमावाचा अभिनय करीत. उलट हात उगारावयाचा नाही, ताठ बसावयाचे व तोंड काउंटरकडे ठेवावयाचे, हे नियम अशा रीतीने अंगी बाणविले जात. डायान नॅश, जॉन लूइस, जेम्स बेव्हल व बर्नार्ड लाफायेट हे पुढे नावारूपास आलेले कार्यकर्ते याच कार्यशाळांत घडले.

नॅशव्हिलमधील सत्याग्रहास १३ फेब्रुवारी १९६० रोजी आरंभ झाला. २७ फेब्रुवारीस गोऱ्या तरुणांनी सत्याग्रहींना मारहाण केली. पोलिसांनी मात्र मार खाणाऱ्या सु. ८० विद्यार्थ्यांनाच अटक केली. अनेकांनी दंड न भरता कारावास पत्करला. कृष्णवर्णीय समाजाने ऐन ईस्टरच्या हंगामात दुकानांवर बहिष्कार टाकला. विद्यार्थ्यांचे वकील ॲलेक्झांडर लूबी यांच्या घरावर १९ एप्रिलला बाँब टाकण्यात आला, तेव्हा हजारोंचा मूक मोर्चा नगरभवनावर गेला. नॅश यांनी विचारलेल्या थेट प्रश्नास उत्तर देताना, काउंटरवर भेदभाव करणे योग्य नाही, अशी कबुली महापौर बेन वेस्ट यांनी दिली. १० मे रोजी सहा दुकानांनी आपले काउंटर खुले केले.

प्रसार व संघटन : दीड वर्षात सु. ७०,००० लोकांनी या प्रकारच्या आंदोलनांत भाग घेतला. त्याची किंमत मुख्यतः विद्यार्थ्यांनीच मोजली. लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले. अ‍ॅलाबॅमा स्टेट महाविद्यालयातून बडतर्फ झालेल्या विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली; डिक्सन खटल्याच्या निकालाने (१९६१) सार्वजनिक महाविद्यालयातून काढून टाकण्यापूर्वी विद्यार्थ्यास सूचना व म्हणणे मांडण्याची संधी देणे आवश्यक ठरले.

ज्येष्ठ कार्यकर्त्या एला बेकर यांनी १५–१७ एप्रिल १९६० रोजी रॅली येथील शॉ विद्यापीठात विद्यार्थ्यांची परिषद भरविली. विद्यार्थ्यांनी प्रस्थापित संघटनेची शाखा न बनता आपले निर्णय आपणच घ्यावेत, असे त्यांचे मत होते. त्यातून ‘विद्यार्थी अहिंसक समन्वय समिती’ स्थापन झाली. आंतरराज्य बसगाड्यांतील विभक्ततेविरुद्ध १९६१ मध्ये निघालेल्या स्वातंत्र्ययात्रेतील एक बस अ‍ॅनिस्टन येथे जमावाने जाळली व बर्मिंगहॅममध्ये प्रवाशांना मारहाण झाली; तेव्हा खंडित होऊ पाहणारी ती यात्रा नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनीच पुढे नेली. त्यानंतर समितीने मिसिसिपीच्या ग्रामीण भागात मतदारनोंदणीचे जोखमीचे कार्य हाती घेतले.

फलश्रुती : २ जुलै १९६४ च्या नागरी हक्क अधिनियमाने उपाहारगृहे, खाणावळी, नाट्यगृहे इ. सार्वजनिक ठिकाणांतील वांशिक भेदभाव बेकायदा ठरविला. तथापि कायदा झाला म्हणून व्यवहार बदललाच, असे नाही. दक्षिण कॅरोलायनातील ऑरेंजबर्ग येथे केवळ गोऱ्यांना प्रवेश देणाऱ्या एका बोलिंग-क्रीडागृहाविरुद्धच्या आंदोलनात ८ फेब्रुवारी १९६८ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन तरुण मृत्युमुखी पडले.

विभक्ततेमुळेच समाजात शांतता व सुव्यवस्था टिकते, असा तिच्या समर्थकांचा दावा होता. पुस्तक वाचीत बसलेला विद्यार्थी व त्याच्यावर तुटून पडणारा जमाव या दृश्याने तो दावा फोल ठरविला. न्यायालयीन निकालांची वाट पाहणाऱ्या ज्येष्ठांपुढे या तरुणांनी, सामान्य माणसाला स्वतः आचरता येईल असा प्रतिकाराचा मार्ग ठेवला, यातच या आंदोलनाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.