पेन ड्राइव्हवरची सॉफ्टवेअरे आणि त्यांची पारख

विंडोजवर चालणाऱ्या एखाद्या छोट्या, फुकट सॉफ्टवेअरला ‘पोर्टेबल’ म्हणताना तीन वेगवेगळे दावे एकत्र केले जातात. ते इन्स्टॉल न करता चालते, स्वतःच्या सेटिंग स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवते, आणि ज्या संगणकावर चालवले तिथे मागे काही सोडत नाही. पहिला दावा डबल क्लिक केले की तपासून होतो. उरलेले दोन सहज दिसत नाहीत, आणि घोळ बहुधा तिथेच असतो.

ज्याचा संगणक स्वतःचा आहे त्याला या फरकाचे फारसे देणेघेणे नसते. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावांत मात्र संगणक आला तो बहुतांशी सामायिक म्हणूनच. 2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची (एमकेसीएल) स्थापना झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्या-तालुक्यांत पसरली. 2011 मध्ये ‘संग्राम’ योजनेतून ग्रामपंचायतींचे काम संगणकावर आले. जोडीला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी मल्टिसर्व्हिसेसची दुकाने निघाली. अशा ठिकाणी संगणक दुसऱ्याचा आणि काम आपले. इन्स्टॉल करण्याचा अधिकार संगणकाच्या मालकाकडे राहतो, आणि बाकीच्यांची सगळी सामग्री खिशातल्या पेन ड्राइव्हवर असते.

डॉसच्या काळात हा प्रश्नच नव्हता. 360 केबीच्या फ्लॉपीवर प्रोग्राम असे, त्याच्या सेटिंगही तिथेच असत, आणि फ्लॉपी काढून घेतली की संगणक पूर्ववत. विंडोजने ही सवय मोडली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत सेटिंग साध्या मजकुरात ठेवणाऱ्या आयएनआय फायलींचा रिवाज होता, पण अनेक प्रोग्राम आपली आयएनआय फाइल विंडोजच्याच फोल्डरमध्ये टाकत. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची स्वतःची सामायिक नोंदवही, आली ती मर्यादित कामापुरती. विंडोज 95 ने तिला सगळ्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी आणले, आणि प्रोग्रामांनी आपल्या सेटिंग तिथेच ठेवाव्यात असा मायक्रोसॉफ्टचा आग्रह राहिला. म्हणजे नियम पाळणारे सॉफ्टवेअरच पोर्टेबल राहिले नाही, आणि जुन्या वळणाने स्वतःशेजारी आयएनआय फाइल ठेवणारे आपोआप पोर्टेबल ठरले.

दुसरी अडचण सोबतच्या फायलींची होती. व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामला त्याची रनटाइम फाइल संगणकावर आधीपासून लागे. ती नसली की प्रोग्राम उघडतच नसे. 1995 मध्ये आलेल्या डेल्फीत मात्र लागणारे सारे एकाच ईएक्सई फाइलमध्ये बांधता येई, आणि छोटी फुकट हत्यारे बनवणाऱ्यांत डेल्फी लोकप्रिय होण्याचे हे एक मोठे कारण होते. पुढे मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या रनटाइमने तोच प्रश्न नव्या रूपात आणला. आवृत्ती 3.5 वर बेतलेला प्रोग्राम विंडोज 7 वर मुकाट्याने चालतो, कारण ती तिथे आधीच असते. विंडोज 10 वर तोच प्रोग्राम ‘हा घटक डाउनलोड करा’ असे सांगतो. इंटरनेट धड नसेल तर त्याचे पोर्टेबलपण तिथेच संपते.

पेन ड्राइव्ह 2000 मध्ये बाजारात आले. आयबीएमचे पहिले मॉडेल 8 एमबीचे होते. विंडोज 98 वर ते चालवायला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागे, विंडोज 2000 आणि एक्सपीवर लागत नसे. 2004 मध्ये जॉन हॅलर यांनी फायरफॉक्सची पेन ड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती तयार केली आणि त्यातूनच पुढे पोर्टेबलॲप्स हा प्रकल्प उभा राहिला. मूळ प्रोग्राम रजिस्ट्रीत लिहीत असेल तर त्याभोवती एक लाँचर बसवायचा, ही त्यातली युक्ती. लाँचर सुरुवातीला सेटिंग आत नेतो आणि प्रोग्राम बंद झाल्यावर परत पेन ड्राइव्हवर आणतो. मात्र प्रोग्राम चालू असतानाच कोणी पेन ड्राइव्ह ओढून काढला, तर आत नेलेले सामान तिथेच राहते. सँडिस्क आणि एम-सिस्टिम्स यांनी 2005 मध्ये आणलेले ‘यू-थ्री’ हे पेन ड्राइव्हवरून प्रोग्राम चालवण्याचे तंत्र ऑटोरनवर, म्हणजे ड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू करण्याच्या सोयीवर, विसंबून होते. ऑटोरनवर स्वार होऊन पसरलेले व्हायरस, 2008 मधला कॉनफिकर त्यांत आलाच, यांच्यामुळे ती वाट बंद होत गेली. फेब्रुवारी 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टावरही पेन ड्राइव्हचे ऑटोरन थांबवले.

पारख करण्याची साधने याच काळात हाती आली. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्समधली फाइलमॉन आणि रेगमॉन ही हत्यारे कोणता प्रोग्राम कुठे लिहितो ते दाखवीत. 2006 मध्ये ती प्रोसेस मॉनिटरमध्ये एकत्र झाली. रेगशॉट या दुसऱ्या हत्याराची रीत त्याहून सोपी. आधी रजिस्ट्रीचा फोटो घ्यायचा, प्रोग्राम चालवायचा, एखादी सेटिंग बदलून बंद करायचा, पुन्हा फोटो घ्यायचा आणि दोन्हींतला फरक वाचायचा. सेटिंग बदलणे महत्त्वाचे, कारण पुष्कळ प्रोग्राम काही बदलल्याशिवाय काहीच लिहीत नाहीत. गंमत अशी की सिसइंटर्नल्सची स्वतःची हत्यारे या परीक्षेत काठावर नापास होतात. अटी मान्य केल्याची नोंद ती रजिस्ट्रीत करतात आणि ती तिथेच राहते.

फरकात दिसणारे सारेच प्रोग्रामच्या माथी मारता येत नाही. एक्सपीपासून विंडोज स्वतःच प्रीफेच फोल्डरमध्ये चालवलेल्या प्रोग्रामची नोंद ठेवते. कोणता पेन ड्राइव्ह लावला होता हेही रजिस्ट्रीत राहते. म्हणून ‘मागमूस न ठेवणारे’ हा दावा कोणत्याही सॉफ्टवेअरला पूर्णार्थाने करता येत नाही. उलट, व्हिस्टापासून एक फसवा प्रकारही आला. जुना प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवून साध्या युजरने चालवला, तर त्याची आयएनआय फाइल शेजारी लिहिली गेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात विंडोज ती युजरच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवते. फोल्डर उचलून नेला की सेटिंग मागेच राहतात.

दुसऱ्या संगणकावर नेऊन पाहणे ही परीक्षा त्यामुळे टाळता येत नाही. पेन ड्राइव्हला इथे ई अक्षर मिळते, तिथे जी मिळते. पूर्ण पाथ लिहून ठेवणारा प्रोग्राम तेवढ्याने गोंधळतो. क्रोमसारखा ब्राउझर पासवर्ड त्या संगणकावरच्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद करतो, म्हणून नुसता फोल्डर नेला तर ते दुसरीकडे उघडत नाहीत. हार्डवेअरची माहिती देणाऱ्या अनेक हत्यारांना ड्रायव्हर चढवावा लागतो, आणि ॲडमिनचा पासवर्ड नसेल तर ती अडतात.

मराठी वापरणाऱ्यासाठी आणखी एक कसोटी आहे, आणि इंग्रजीतल्या याद्यांत ती क्वचित सापडते: फोल्डरला ‘सातबारा’ असे देवनागरी नाव देऊन प्रोग्राम त्यातून चालवून पाहणे. विंडोजने देवनागरीला जुन्या पद्धतीचे कोडपेज, म्हणजे अक्षरांच्या संकेतांकांचा तक्ता, कधी दिलेच नाही, ती फक्त युनिकोडमध्ये आहे. त्यामुळे युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रामला हे नाव प्रश्नचिन्हांची रांग दिसते आणि फाइल उघडत नाही.

मराठी टायपिंगची हत्यारे तर या व्याख्येत कधी नीट बसलीच नाहीत. श्रीलिपीसारख्या पॅकेजचे फाँट विंडोजच्या फाँट फोल्डरमध्ये टाकावे लागत; ते नसलेल्या संगणकावर अर्ज उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. एक्सपीत युनिकोड मराठीसाठी रीजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागे, आणि तेव्हा विंडोजची सीडी मागितली जाई. कीबोर्ड लेआउट सिस्टिम फोल्डरमध्ये आणि रजिस्ट्रीत नोंदवावा लागतो, म्हणजे ॲडमिनशिवाय गत्यंतर नाही. त्यातून वाट काढली ती दोन प्रकारांनी: चालू असेपर्यंतच कळा पकडून अक्षरे बदलणारे छोटे प्रोग्राम, आणि ब्राउझरमध्ये उघडणारे जावास्क्रिप्टचे पान. असे पान काही इन्स्टॉल करत नाही आणि रजिस्ट्रीत एक ओळही लिहीत नाही. व्हिस्टापासून देवनागरीची सोय आपोआप मिळू लागली, आणि मे 2019 च्या विंडोज 10 च्या अपडेटमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही आला. नव्या संगणकांवर पेन ड्राइव्हवरच्या टायपिंग हत्यारांचे काम त्यामुळे बरेच कमी झाले. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले अर्ज आणि दाखले युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरांची गरज मात्र आजही आहे.