आरसिंक

आरसिंक : एका संगणकावरील फायली व डिरेक्टऱ्या दुसऱ्या संगणकावर उतरवणारी आणि पुढच्या खेपेस फक्त बदललेला भाग पाठवणारी संगणक-आज्ञावली. लिनक्स व इतर युनिक्सवर्गीय सर्व्हरांचा बॅकअप नेटवर्कवरून घेण्यासाठी तिचा फार मोठा वापर होतो. ती टर्मिनलवर कमांड देऊन चालवतात; रोजच्या कामासाठी ती बहुधा क्रॉनच्या वेळापत्रकाला जोडलेली असते.

इतिहास : कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९ जून १९९६ रोजी आरसिंक जाहीर केली. त्यामागची पद्धत त्याच वर्षीच्या विद्यापीठीय अहवालात मांडलेली आहे. साम्बाचे जनक म्हणूनही परिचित असलेल्या ट्रिजेल यांनी १९९९ च्या पीएच.डी. प्रबंधात तिचा विस्तार केला. पुढे वेन डेव्हिसन यांनी दीर्घकाळ आज्ञावलीची देखभाल केली. सुरुवातीला जोडणीसाठी आरएसएच वापरले जाई. २००४ च्या २.६.० आवृत्तीपासून एसएसएच हा मूळ पर्याय झाला. मार्च २००८ मधील ३.०.० आवृत्तीने मोठी अडचण दूर केली. तोवर सर्व फायलींची यादी आधी स्मृतीत भरावी लागे आणि लाखो फायली असलेल्या सर्व्हरवर तिथेच काम अडे. आता यादी बनत असतानाच पाठवणी सुरू होते.

पद्धत : आरसिंकचे खरे महत्त्व तिच्या चेकसम-पद्धतीत आहे. दोन्ही प्रती एकाच यंत्रावर असतील, तर फरक काढणे सोपे. आरसिंक तो फरक दोन्ही प्रती कधीच एकत्र न आणता काढते. जुनी प्रत ज्याच्याकडे आहे तो संगणक तिचे समान लांबीचे ब्लॉक पाडतो आणि प्रत्येक ब्लॉकचे दोन चेकसम समोर पाठवतो : एक ३२ बिटांचा, चटकन काढता येणारा; दुसरा भक्कम, मूळ रचनेत १२८ बिटांचा एमडी४. नवी प्रत बाळगणारा संगणक आपल्या फाइलीवरून तेवढ्याच लांबीची चौकट एकेक बाइट पुढे सरकवत जुळणी शोधतो. चौकट सरकली की बाहेर पडलेल्या बाइटचा वाटा वजा करायचा आणि आत आलेल्याचा मिळवायचा, एवढ्यावर हलका चेकसम नव्याने तयार होतो. तो जुळला तरच भक्कम चेकसम काढला जातो. यामुळे प्रत्येक बाइटपाशी तपासणी करणे परवडते.

उदाहरणार्थ, १० कोटी बाइटांच्या फाइलीत अगदी आरंभी एक बाइट घातला, तर ठरावीक जागांवरचे ब्लॉक ताडणाऱ्या साध्या पद्धतीत पुढचे सगळेच ब्लॉक वेगळे ठरतात. आरसिंकमध्ये ब्लॉकची लांबी साधारण फाइलीच्या लांबीच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे इथे १०,००० बाइट घेतली जाते. ब्लॉक होतात १०,०००. पूर्ण लांबीचे चेकसम धरले तरी त्यांचे एकूण वजन २ लाख बाइट भरते. उलट दिशेने तो एक नवा बाइट आणि ‘पुढचे ब्लॉक तुझ्याकडे आहेतच’ एवढाच निरोप जातो. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने बांधली जाते व पूर्ण झाल्यावरच जुन्या नावावर बसते, त्यामुळे मधेच जोडणी तुटली तरी जुनी प्रत शाबूत राहते.

एवढे सगळे प्रत्येक फाइलीसाठी होत नाही. आकार आणि बदलाची वेळ जुळली की फाइल तशीच सोडली जाते. एकाच यंत्रातल्या दोन डिस्कांमध्ये नकल करताना पूर्ण फाइलच उतरवली जाते.

वापरातील बारकावे : ‘ए’ हा पर्याय परवानग्या, मालकी, वेळा व सिम्बॉलिक लिंका जपतो; हार्ड लिंका, एसीएल व वाढीव गुणधर्म मात्र वेगळे मागावे लागतात. पूर्ण सर्व्हर परत उभा करायचा असेल, तर हे विसरून चालत नाही. स्रोताच्या नावाअखेरची तिरपी रेघ निर्णायक ठरते. रेघ नसेल तर ती डिरेक्टरी गंतव्यात तयार होते, रेघ असेल तर तिच्यातला मजकूर थेट गंतव्यात ओतला जातो. सोबत ‘डिलीट’ असेल, तर गंतव्यात आधीपासून असलेले बाकीचे सारे पुसले जाते. दुसरा धोका रिकाम्या माउंट-बिंदूचा. स्रोत वाचताना त्रुटी आली तर आरसिंक स्वतःहून पुसणे थांबवते. पण डिस्क जोडलीच गेली नसेल तर तिला फक्त एक रिकामी, निर्दोष डिरेक्टरी दिसते आणि बॅकअप तसाच रिकामा होतो. पुसण्याची कमाल संख्या बांधून देणे व आधी ‘ड्राय रन’ घेणे हे उपाय प्रत्येक व्यवस्थापकाने अंगी बाणवावेत. निर्गमन-संकेत २४ म्हणजे चालू असताना स्रोतातील काही फायली नाहीशा झाल्या. चालत्या मेल सर्व्हरवर तो नेहमीचाच. २३ म्हणजे काही भाग पोहोचला नाही, आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये.

आरसिंकला बॅकअप-साधन म्हणावे का, यावर मतभेद आहेत. नुसती आरशातली प्रत चुकीने पुसलेली फाइल परत देत नाही, हे खरे. ‘लिंक-डेस्ट’ पर्यायाने ही उणीव बरीचशी भरून निघते : न बदललेल्या फायली आदल्या दिवसाच्या प्रतीशी हार्ड लिंकने जोडल्या जातात, दर दिवसाची डिरेक्टरी पूर्ण दिसते आणि जागा फक्त बदललेल्या फायलींना लागते. आरस्नॅपशॉट हे साधन याच कल्पनेवर उभे आहे.

सुरक्षा : ८७३ क्रमांकाच्या पोर्टवरील आरसिंक डीमनची वाहतूक कूटबद्ध नसते. डिसेंबर २००३ मध्ये जेंटू लिनक्सच्या एका मिरर-सर्व्हरमध्ये झालेल्या घुसखोरीनंतर २.५.७ आवृत्ती तातडीने आली. जानेवारी २०२५ मध्ये ३.४.० आवृत्तीने सहा त्रुटी बुजवल्या. बॅकअप-सर्व्हरने क्लायंटकडून ओढून घेणे हे क्लायंटने ढकलण्यापेक्षा सुरक्षित, कारण मग बाधित क्लायंटच्या हाती बॅकअपची किल्ली नसते.

परवाना : ३.०.० पासून जीपीएल, तिसरी आवृत्ती.

अन्य रूपे : ओपनबीएसडीमधील ओपनआरसिंक (२०१९).