सार्वत्रिक अध्ययन-रचना : ऑनलाइन साधने (धार व देवास)

एकाच वर्गातील दृष्टिहीन, कर्णबधिर, सावकाश वाचणाऱ्या किंवा घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांसह सर्वांना शिकता येईल असा पाठ पहिल्यापासूनच आखण्याची पद्धत. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'यूडीएल' म्हणून ओळखली जाते. आधी 'सर्वसाधारण' मुलासाठी पाठ रचायचा आणि मग इतरांना सवलती द्यायच्या, या प्रथेला तिचा विरोध आहे. प्रस्तुत नोंद मध्य प्रदेशच्या माळव्यातील धार व देवास या जिल्ह्यांतील शिक्षकांच्या उपयोगी पडणाऱ्या ऑनलाइन साधनांपुरती मर्यादित आहे.

संकल्पना : मूळ कल्पना वास्तुशास्त्रातली. चाकाच्या खुर्चीतून वावरणारे अमेरिकन वास्तुकार रॉन मेस यांनी सर्वांना वापरता येतील अशा इमारतींची मांडणी केली. तीच दृष्टी अध्यापनात आणली १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथे स्थापन झालेल्या 'कास्ट' या संस्थेने. संस्थेची मार्गदर्शक सूत्रे प्रथम २००८ मध्ये आली. २०११, २०१८ व २०२४ मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. मुलाला गुंतवण्याचे, आशय समोर ठेवण्याचे आणि शिकलेले व्यक्त करण्याचे एकाहून अधिक मार्ग असावेत, ही तीन तत्त्वे सर्व आवृत्त्यांत कायम आहेत.

पूर्वपीठिका : या भागात यूडीएलचा विचार होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमापासून सुरू करावा लागतो. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत हा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला आणि माळव्यातही पोहोचवला; देवास हे संस्थेचे तिथले महत्त्वाचे केंद्र. सहावी ते आठवीच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत पाठ करायच्या व्याख्या नव्हत्या. मुले टोळीने बसून प्रयोग करत, दिसले ते वहीत मांडत आणि निष्कर्षावर वाद घालत. साहित्य स्वस्त आणि गावात मिळणारे असे. फूल उलगडायला बाभळीचा काटा चाले. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवता येई आणि प्रत्यक्ष प्रयोगालाही गुण असत. मुलांनी प्रश्न विचारायचे ते 'सवालीराम' या काल्पनिक व्यक्तीला पत्र लिहून, आणि त्यांना उत्तरे जात. पाठांतरात मागे पडणाऱ्या मुलाला हाताने, बोलून, चित्र काढून आपली समज दाखवण्याची जागा या वर्गात होती. यूडीएलचे तिसरे तत्त्व याहून वेगळे काही मागत नाही. मात्र हा कार्यक्रम अपंग मुलांना समोर ठेवून आखलेला नव्हता. त्याचे कितीतरी प्रयोग डोळ्यांनी पाहण्यावर उभे आहेत. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. त्यामागच्या कारणांबाबत शासन आणि संस्था यांची मांडणी भिन्न आहे.

उपलब्ध साधने : 'बाल वैज्ञानिक', जुलै १९८५ पासून निघणारे मुलांचे मासिक 'चकमक' आणि शिक्षकांसाठीचे 'संदर्भ' यांतील बरेच साहित्य आज ऑनलाइन मिळते. त्याला जोडूनच अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाचा उल्लेख हवा. टेल्कोतील या अभियंत्याने १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून होशंगाबादमध्ये काम केले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्हची नळी यांतून त्यांनी तिथे आकृतिबंध घडवले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झालेल्या त्यांच्या खेळण्यांच्या चित्रफिती मराठी व हिंदीसह अनेक भाषांत खुल्या आहेत. काड्यांचा त्रिकोण दाबून हलत नाही आणि चौकोन लगेच तिरपा होतो, हे दृष्टिहीन मुलाला बोटांनी कळते. भूमितीचे इतके स्वस्त आणि इतके सर्वांचे साधन दुसरे क्वचितच असेल.

यूडीएल हे नाव घेऊन तयार झालेले ठळक भारतीय साधन म्हणजे एनसीईआरटीची 'बरखा' ही सर्वांसाठीची वाचनमाला. एनसीईआरटीच्या ४० छोट्या गोष्टींच्या श्रेणीबद्ध मालेवरून ती घडवली आहे. छापील प्रतीत ब्रेल आणि स्पर्शचित्रे, तर डिजिटल प्रतीत वाचन आणि सांकेतिक भाषा अशी सोय आहे. माला हिंदीत असल्याने या दोन जिल्ह्यांतील पहिली-दुसरीच्या वर्गात ती थेट वापरता येते. भारतीय सांकेतिक भाषेचा ऑनलाइन शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांनी सुरू झाला आणि २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर गेला. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्येची ३१ क्रमांकाची शैक्षणिक दूरचित्रवाणी वाहिनी याच भाषेला वाहिलेली आहे. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतांमागचे 'दीक्षा' हे व्यासपीठ (२०१७) शिक्षकांना परिचित आहे.

फायलींचा प्रश्न : खुले ते सुगम असतेच असे नाही. ऑनलाइन असलेल्या अनेक जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ म्हणजे पानांची छायाचित्रे आहेत. एनव्हीडीएसारख्या मोफत वाचक-प्रणालीला त्यांत अक्षरे सापडत नाहीत, त्यामुळे सर्वांत मोकळ्या विचाराची पुस्तके दृष्टिहीन शिक्षकाला बंदच राहतात. कायद्याची आडकाठी इथे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग वाचकांसाठी सुगम प्रत करण्याची मुभा आली आणि २०१४ मध्ये अशा प्रतींविषयीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला अनुमोदन देणारा भारत पहिला देश ठरला. २०१६ मध्ये सुरू झालेले 'सुगम्य पुस्तकालय' याच मार्गाने सुगम पुस्तके देते. 'बाल वैज्ञानिक'ची युनिकोडमधील आणि प्रयोगचित्रांचे शब्दांत वर्णन असलेली प्रत तयार करणे हे या क्षेत्रातील सर्वांत निकडीचे काम आहे.

भाषा : धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची, मुख्यतः भिल व भिलाला समाजांची आहे. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली. माळवी मात्र सुमारे ५२ लाख भाषक असूनही हिंदीखाली धरली गेली. वरील साधनांपैकी बहुतेक प्रमाण हिंदीत आहेत. पहिलीत आलेल्या मुलाला ती भाषा परकी असेल, तर चित्र, ध्वनी आणि ब्रेल यांची सोय करूनही आशयाची वाट अरुंदच राहते. माळवीचा समृद्ध ध्वनिसाठा मिळतो तो शालेय साहित्याबाहेर, कबीराच्या भजनांत. एकलव्यने १९९० च्या दशकात देवासमध्ये चालवलेल्या कबीर भजन व विचार मंचामुळे गावोगावच्या मंडळ्या एकत्र आल्या. माळवी भजनगायक प्रह्लादसिंह टिपानिया यांनी गायलेली अशी भजने ऑनलाइन ऐकता येतात. ऐकणे, अर्थ सांगणे आणि त्यावर आपले मत मांडणे यासाठी ती वर्गात वापरावीत.

जोडणी : एप्रिल २०२० पासून मध्य प्रदेश शासनाने डिजिलेप या उपक्रमातून व्हॉट्सॲपवर पाठ पाठवले, रेडिओ शाळाही चालवली. मात्र फोन घरातील मोठ्यांकडे असतो आणि त्यांच्याबरोबर कामावर जातो. त्यामुळे चित्रफीत शाळेत उतरवून घेऊन पेनड्राइव्हवर ठेवणे आणि वर्गात सर्वांना मिळून दाखवणे अधिक टिकाऊ ठरते. यूडीएलच्या दृष्टीने ध्वनिफीत हे चित्रफितीचे दुय्यम रूप नसून स्वतंत्र वाट आहे. ती साध्या फोनवरही चालते.

कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देतो आणि समावेशक शिक्षणाची तरतूद करतो.

मतभेद : यूडीएलमुळे शिकण्यात नेमका किती फरक पडतो, याबद्दल संशोधकांत एकमत नाही. सूत्रांना दिलेला मेंदूविज्ञानाचा आधार सैल आहे, असाही आक्षेप घेतला जातो.

मराठी : धार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातींची पवार संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. या मराठी राजवटींमुळे तेथे वसलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना घरी वाचण्यासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरील मराठी गोष्टी मोफत उतरवून घेता येतात.